स्वच्छ म्हणून धरलेली जागा

ननंदबाई आल्या त्या घरात नाही, घराच्या मागे. सूनबाईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ओहोटी लागून तास-दीड तास झाला असेल. मागच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून त्या वाकल्या होत्या. हातात प्लॅस्टिकचा मोठा चमचा, बाजूला निळा खोका, आणि भावाच्या घराकडे सरळ पाठ.

"आल्या महाराणी," सूनबाई म्हणाली आणि हातातला कांदा असा काही चिरला की अर्धा ओट्याखाली गेला.

आता ही बाई कोण आणि सूनबाईच्या अंगाचा एवढा तिळपापड का, ते सांगायला हवं. ननंदबाई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शिकून मोठी झाली, शहरात सरकारी प्रयोगशाळेत लागली, माती आणि पाणी तपासते. तपासू दे बापडी, कोणाची हरकत नव्हती. पण सासू गेली त्या आठवड्यात ही आली, पोटभर रडली, आणि जाताना आईचं शिवणयंत्र गाडीत घालून घेऊन गेली. आईची आठवण म्हणे! अहो, त्या यंत्रावर सूनबाई शेजारपाजारच्यांचे पडदे शिवायची, उशांचे अभ्रे शिवायची, सासूबाईंनी स्वतः तिला त्यावर बसवलं होतं. ननंदबाईंना तर साधं बटण लावता येत नाही. एका शब्दाने विचारायचं तरी! नाही विचारलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

पुढे चिंगी झाली. पोस्टाने एक पुडकं आलं. आत दात येताना चावायची रबरी कडी, सोबत 'उकळून मगच द्यावी' असा छापील कागद. "म्हणजे आम्ही उकळायचं असतं हेही यांनी शिकवायचं," असं म्हणत सूनबाईने कडी कागदासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. नवरा कुरकुरला, "अगं, चांगली होती की." ती म्हणाली, "त्यांच्या हातचं काही माझ्या लेकीच्या तोंडात जायचं नाही. ऐकलंत? काही म्हणजे काही नाही."

ते सासऱ्यांनी ऐकलं. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आप्पांचा जन्म बोटीवर गेला, पण गुडघे गेले आणि किनाऱ्याला लागले. नुसतं बसून राहणारा माणूस नव्हे तो. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात त्यांनी जाळ्यांना लावायची वजनं ओतायला सुरुवात केली. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांतल्या पट्ट्या आणायच्या, लोखंडी भांड्यात वितळवायच्या, साच्यात ओतायच्या. वर जी काळी मळी येते ती पळीने काढायची आणि मागच्या भिंतीवरून चिखलात भिरकावून द्यायची. "समुद्राला काय होतंय!" असं म्हणत. हा उद्योग ननंदबाई घर सोडून गेल्यानंतरचा. आई होती तोवर त्या आल्या तरी पुढच्या दारातून यायच्या आणि पुढच्या दारातून जायच्या, शेडमध्ये काय चालतं ते बघायला कोण थांबतंय!

तर त्या आप्पांनी नातीसाठी एक मासा ओतला. बोटाएवढा, गुळगुळीत काठांचा, दोरीत ओवायला डोळ्याच्या जागी भोक. चिंगीच्या गळ्यात तो आला आणि मग निघालाच नाही. गार लागायचा, हिरड्यांना बरं वाटायचं. रात्री रडायला लागली की सूनबाई स्वतःच तो तिच्या तोंडाशी धरायची, की पोरगी गप्प.

पण अलीकडे चिंगीचं काही खरं नव्हतं. दोन वर्षांची होत आली तरी अंग धरेना. पोट दुखतं म्हणून पाय पोटाशी घेऊन कळवळायची. भाताचा घास पुढे केला की मान फिरवायची. रंग पांढुरका पडला होता. सगळ्यात वाईट म्हणजे 'आई', 'पाणी', 'दे', 'भू' असे चार शब्द ती बोलायला लागली होती आणि तेही तिने सोडून दिले. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग भूक लागायचं दिलं. शेजारीण म्हणाली, दात येताहेत. नवरा म्हणाला, तुझं लाडावणं नडतंय. सूनबाईला रात्र-रात्र झोप नव्हती. पोरीला होतंय तरी काय, एवढंच तिला कोणीतरी सांगायला हवं होतं आणि तेवढंच कोणी सांगत नव्हतं.

आणि नवरा? नवरा किनारा वाचवत होता. त्याचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं, पण गेल्या वर्षापासून तो समितीचा अध्यक्ष. खाडीच्या पलीकडच्या तोंडाशी बॅटऱ्यांचा कारखाना होता, त्याचं सांडपाणी किनाऱ्यावर यायचं, शिंपल्यांना चव राहिली नाही, पोरांच्या अंगावर चट्टे उठतात, अशी सगळ्यांची तक्रार. चिखलाची सरकारी तपासणी झाली की कारखान्याचं पितळ उघडं पडणार होतं. अर्ज त्यानेच केला. तपासायला कोण येणार हे कळल्यावर तर त्याला आकाश ठेंगणं झालं. "ताईच येतेय! घरचं माणूस!"

"घरचं माणूस घरात येतं," सूनबाई म्हणाली होती.

आणि खरंच, घरचं माणूस मागच्या मागे आलं. सूनबाई खिडकीतून बघत राहिली. ननंदबाईंनी चमच्याने चिखलाचा वरचा थर अलगद उचलला, पिशवीत घातला, पिशवीवर काहीतरी लिहिलं, खोक्यात बर्फात ठेवली. पुन्हा वाकल्या. आणि वाकल्या त्या बरोब्बर भिंतीखाली, जिथे आप्पांची मळी पडते तिथे.

सूनबाईला हसू फुटलं. एवढं शिकून घाणीत हात घालायचा तो नेमका आमच्याच! एक हाक मारली असती तर काम होतं. "ताई, तिथे नका, तिथे आप्पा टाकतात." संपलं. पण हाक कोण मारणार? "काढा, काढा," ती खिडकीआडून पुटपुटली, "चांगला डबाभर काढा." तेवढ्यात ननंदबाईंनी वर पाहिलं. दोघींची नजर भिडली. ननंदबाईंचे ओठ काही बोलायला उघडल्यासारखे झाले. सूनबाईने खिडकीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "ताई चहाला तरी थांबली का?"

"मागच्या मागे आल्या, मागच्या मागे गेल्या. आणि मी चहा ठेवलाही नव्हता."

निकाल सांगायला ननंदबाई आल्या तेव्हा हिवाळा सरत आला होता. दुपारची सभा, शाळेचा हॉल. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक खिडक्यांत बसलेले. कोळणी टोपल्या दाराशी ठेवून आल्या होत्या. पुढच्या रांगेत कारखान्याचा मॅनेजर पायावर पाय टाकून बसला होता, आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला अध्यक्ष म्हणून नवरा, धुतलेला शर्ट घालून. आप्पा काठी टेकत आले आणि भिंतीशी बसले. सूनबाई मागे, चिंगी कडेवर. पोरगी सकाळपासून किरकिर करत होती, म्हणून आल्या आल्या तिच्या तोंडात मासा दिलेला.

ननंदबाई बोलायला उभ्या राहिल्या. आवाज स्वच्छ, चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. सूनबाईला तो चेहरा पाहूनच डोक्यात तिडीक गेली.

आधी त्यांनी धोका सांगितला. चिखलात शिसं, कॅडमियम, क्रोमियम सापडतं. त्यातलं शिसं मुलांना सगळ्यात वाईट, कारण मुलं हात तोंडात घालतात. मोठ्या माणसाच्या पोटातून जे बरंचसं निघून जातं ते मुलाच्या अंगात राहतं, हाडांत जाऊन बसतं. मूल वाढत नाही. पोटात कळा येतात. रंग उतरतो. भूक मरते. काही मुलं तर शिकलेलं विसरतात. सूनबाईने ते अर्धंच ऐकलं. ती ननंदबाईंच्या हातातलं घड्याळ बघत होती. सासूबाईंचं तर नव्हे? नव्हतं. तरी बघत होती.

"आता हे शिसं कुठून आलं," ननंदबाई म्हणाल्या. "कारखान्याने किती घातलं हे ठरवायचं, तर मुळात इथल्या मातीत किती होतं ते आधी कळायला हवं. त्यासाठी एक जागा धरावी लागते. जिथे कारखान्याचं पाणी पोचत नाही, जिथे कोणी काही टाकत नाही, अशी. तिच्याशी बाकीच्या जागा ताडून बघायच्या. ती जागा मी आमच्या घरामागची धरली. लहानपणी आम्ही तिथे पोहायचो. या किनाऱ्यावर त्याहून स्वच्छ जागा नाही." त्या क्षणभर थांबल्या. "आणि तिथेही शिसं भरपूर निघालं. कारखान्यासमोर आहे जवळपास तेवढंच. याचा अर्थ इथल्या खडकातच ते असावं. कारखान्याने घातलेलं फारसं दिसत नाही."

मग मॅनेजर छान हसला आणि एकच गलका उडाला.

"म्हणजे खटला खडकावर भरायचा का?" खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"शिंपल्या आम्ही वेचतो, बाई! आम्हाला खडक शिकवता?" एक कोळीण उठून उभी राहिली.

नवरा तर लालबुंद. "ताई, किती घेतलेस गं? सांग ना, सगळ्यांसमोर सांग! सख्ख्या भावाचं तोंड काळं करायचं काय घेतलंस?"

"मोजलं ते सांगितलं," ननंदबाई म्हणाल्या. पण आवाज मघासारखा राहिला नव्हता.

आणि मागे उभ्या असलेल्या सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरामागची जागा! स्वच्छ म्हणून धरलेली! अगं बाई, ती तर आप्पांची मळी! हिने खडक म्हणून जे मोजलं ते पळीने भिंतीवरून टाकलेलं! आख्ख्या हॉलमध्ये हे एका तिलाच कळलं होतं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं की. पण वडिलांची भट्टी ही त्याच्या लेखी भट्टीच नव्हती, म्हाताऱ्याचा विरंगुळा होता. कारखाना म्हणजे काय ते पलीकडचं, धुराडं असलेलं.

आता खोटं कशाला बोला, सूनबाईला आनंद झाला. इतका आनंद झाला की कानशिलं तापली. किनारा वाचणार म्हणून नाही, नवऱ्याची अब्रू राहणार म्हणूनही नाही. एका वाक्यात ही बाई सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार म्हणून. शिवणयंत्र गाडीत चढवलं त्या दिवसापासून ती या वाक्याची वाट बघत होती, फक्त ते कोणतं ते तिला माहीत नव्हतं.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. कोणी ऐकेना. "मला बोलायचंय!" तिने खुर्चीवर हात आपटला. गलका थांबला. चिंगीला कडेवर वर सरकवून ती दोन रांगांमधून पुढे आली.

"ती जागा स्वच्छ नाही. आप्पा शेडमध्ये वजनं ओततात, त्याची मळी रोज त्याच भिंतीवरून खाली टाकतात. ताईंनी चमचा घातला तो थेट तिच्यात. खडक-बिडक काही नाही. आमच्या घरचा उकिरडा मोजून आल्या आहेत त्या!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! मॅनेजरचं हसू तेवढं मावळलं. "बाई, डिग्री परत करा!" "स्वतःच्या माहेरची घाण ओळखू येईना!" नवरा तोंड उघडं टाकून एकदा बायकोकडे, एकदा वडिलांकडे बघत होता. ननंदबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, त्यांनी हाताने टेबलाची कड धरली. सूनबाई ते डोळे भरून बघत होती. मीठ चोळायची संधी ती सोडते होय!

"दारात येऊन विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण आमच्या दारात यायचा तुम्हाला कमीपणा. न विचारता न्यायचं तेवढं ठाऊक!"

"तू खिडकीत होतीस," ननंदबाई हळू म्हणाल्या.

"होते."

"मी तिथे खणतेय हे बघत होतीस. आणि तुला माहीत होतं."

"होतं. मग? मला पगार मिळतो का तुमचं काम करायचा?"

पुन्हा हशा. पण ननंदबाई तिच्याकडे बघत नव्हत्याच. त्या तिच्या खांद्यापाशी बघत होत्या. चिंगीकडे. त्यांनी जन्मल्यापासून भाचीला जवळून पाहिलंच नव्हतं, पाहू दिलंच नव्हतं. पांढुरका चेहरा, काटक्यांसारखे हात, आणि गालात काहीतरी.

"वहिनी, तिच्या तोंडात काय आहे?"

"मासा आहे. तुमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलाय. तुमच्या रबरापेक्षा लाख पटीने बरा."

ननंदबाई टेबलामागून धावतच आल्या. हात पुढे केला तर सूनबाईने फाडकन त्या हातावर मारलं. "हात लावायचा नाही माझ्या पोरीला!"

ननंदबाईंनी हात मागे घेतला. चिडल्या नाहीत, आणि त्याचीच सूनबाईला पहिल्यांदा भीती वाटली. त्या भिंतीकडे वळल्या.

"आप्पा, तो मासा कशाचा ओतलात?"

"कशाचा म्हणजे?" आप्पा गोंधळले. आपल्यावरून एवढं काय चाललंय हेच त्यांना उमगत नव्हतं. "शिशाचा. सोनं कुठून आणू?"

एक-दोघं हसले आणि मधेच थांबले. मघाशी उठलेली कोळीण हळूच खाली बसली. हॉलभर अशी शांतता पसरली की चिंगीच्या दातांचा माशावर होणारा बारीक आवाज सूनबाईला ऐकू आला. घरी तो रोज ऐकू यायचा. त्या आवाजाने तिला बरं वाटायचं.

मूल वाढत नाही, बाई म्हणाली होती. पोटात कळा. रंग उतरतो. भूक मरते. शिकलेलं विसरतात. अर्धं कानाआड टाकलेलं सगळं एकामागून एक परत आलं, ननंदबाईंच्या त्याच स्वच्छ आवाजात. पोरीला काय होतंय ते अखेर कोणीतरी सांगितलं होतं, आणि सांगत असताना ही घड्याळ बघत बसली होती.

तिने चिंगीच्या तोंडात बोट घातलं. चिंगीने दात आवळले. तिने ओढलं. पोरगी किंचाळली, आईचं बोट चावली, तरी तिने ओढलंच आणि दोरी हिसडून तोडली. मासा तळहातावर आला. ओला, चकचकीत.

"ही मळी आप्पांची," नवरा कोणाला उद्देशून बोलला कोण जाणे. "नाही, हा कारखानाच..." त्याचं ऐकायला कोणी नव्हतं.

"रक्त तपासायला हवं, आजच," ननंदबाई म्हणाल्या. "गाडी बाहेर आहे. चल."

"तुमच्या गाडीत मी बसणार नाही," सूनबाई म्हणाली. सवयीने म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, आणि पाय दाराकडे वळले होते.

ननंदबाईंनी खिशातून एक पारदर्शक पिशवी काढली, चिखल भरायची तसलीच, आणि उघडून तिच्यापुढे धरली. सूनबाईच्या मुठीतून मासा सुटेना. काठी टेकत आप्पा जवळ आले. सुनेची मूठ त्यांनी आपल्या राकट बोटांनी हळूच उघडली आणि वाकून बघितलं. बघतच राहिले.

"हा नव्हे," ते म्हणाले. "हा माझा नव्हे. मी खवले काढले होते. खिळ्याने, एक-एक. शेपटी होती, अशी फाकलेली." त्यांनी तर्जनी उभी धरली आणि अंगठा तिच्या मुळाशी टेकवला. "एवढा होता. बोटभर."

सूनबाईच्या तळहातावर अर्ध्या बोटाचा एक गोटा होता. त्यावर कुठेही खवला नव्हता. डोळ्याचं भोक तेवढं राहिलं होतं, दोरी ओवायचं.

"आणि शेपटी कुठे गेली गं?" आप्पांनी विचारलं.

चिंगी दोन्ही हात पुढे करून रडत होती. तिला मासा परत हवा होता.